हाताला लागेल एवढा हेटा

सप्टेंबर लागला की नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एखाद-दुसरी म्हातारी बाई पोत्याच्या तुकड्यावर हेट्याच्या फुलांचे वाटे मांडून बसलेली दिसते. सकाळी नऊ वाजता ती फुलं पांढरीशुभ्र, ताठ, विळ्यासारखी वाकलेली असतात. दुपारी बाराला तीच फुलं भिजलेल्या कागदासारखी मऊ पडतात. म्हणून मोठे भाजीवाले हेटा ठेवतच नाहीत. ट्रकमधून आणावी, रात्रभर क्रेटमध्ये ठेवावी अशी ही भाजी नाही. ज्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाड, त्याच्याच ताटात ती पडते, आणि उरलं तर कोणीतरी टोपलीत घालून बाजारात आणतं.

पुण्या-मुंबईकडे याला हादगा म्हणतात, आम्ही नागपूरकडचे हेटा म्हणतो. माझं माहेर काटोलकडचं. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, विहिरीच्या अंगाला, दहा-बारा हेटे ओळीने उभे असायचे. वारा अडायचा, बकऱ्यांना पाला व्हायचा आणि भाद्रपद-आश्विनात घरात रोज फुलं यायची. आमच्याकडे भोंडला नाही, भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते ती कोजागिरीपर्यंत. गाणी झाली की डब्यात काय आहे ते ओळखायचं. एका संध्याकाळी आईने डब्यात हेट्याच्या कळ्यांची भजी ठेवली होती आणि साऱ्या आळीतल्या पोरींपैकी एकीलाही ती ओळखता आली नाहीत. डबा उघडला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला आजही दिसतो.

लग्नानंतर मी नागपुरात आले. मानेवाड्याच्या पुढे एका लेआउटमध्ये आम्ही दीड हजार फुटांचा प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा मागे पंधरा बाय वीसचा तुकडा मोकळा ठेवला. तिथे हेटा लावायचा हे माझं आधीच ठरलेलं होतं. पण ते झाड नीट लावायला मला सात वर्षं आणि तीन खेपा लागल्या.

पहिलं झाड मी नर्सरीतून विकत आणलं. काळ्या पिशवीतलं, कमरेइतकं उंच, एकाच काडीचं रोप. मला वाटलं, एवढं वाढलेलं आहे, वर्ष वाचलं. पावसाळ्यात लावलं, दिवाळीपर्यंत ते जेमतेम हातभर वाढलं आणि मे महिन्यात, रोज पाणी देत असतानाही, वरून खाली सुकत गेलं. उपटलं तेव्हा कारण कळलं. मुख्य मूळ पिशवीच्या तळाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गोल गुंडाळलेलं होतं आणि लावल्यावरही ते तसंच राहिलं होतं. हेट्याचं मूळ सरळ खाली जाणारं. त्याला खाली वाट मिळाली नाही तर नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत वरवरच्या पाण्यावर झाड तगत नाही. पिशवीतलं रोप घ्यायचंच असेल तर वीतभराचं, महिन्या-दीड महिन्याचं घ्यावं. माझं मत विचाराल तर घेऊच नये. बी थेट जमिनीत टाकावं.

त्या मेलेल्या झाडाने एक गोष्ट मात्र दाखवली. बाजूच्या बारीक मुळांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी निघाली. हेटा शेंगवर्गातला, तूर-हरभऱ्याचा भाऊबंद. या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र मुळांना देतात आणि आतला गुलाबी रंग म्हणजे ते काम चालू असल्याची खूण. तेव्हापासून हेट्याला मी युरिया कधीच घातला नाही. लावताना दोन घमेली शेणखत, पुढे दरवर्षी एक घमेलं. बस्स.

दुसऱ्या वेळी माहेरून बी आणलं. बी लहान, तपकिरी आणि टणक. रात्री कोमट पाण्यात भिजत घातलं, सकाळी जे फुगलं ते लावायला घेतलं. मृग लागला होता पण पाऊस नव्हता, म्हणून मी पहिल्या दोन चांगल्या सरी येईपर्यंत थांबले. मग बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोलीवर तीन बिया टाकल्या. सहाव्या दिवशी तिन्ही वर आल्या. त्यातली जोरकस ठेवली, दोन काढल्या. आणि मग ते झाड जे सुटलं! चिंचेसारखी, पण मोठी, मऊ पानं. रोज सकाळी पाहावं तर कालच्यापेक्षा वर. दिवाळीला ते माझ्या डोक्याच्या वर हातभर होतं. दुसऱ्या पावसाळ्यात गच्चीच्या कठड्याला लागलं. सरळ, ताठ, जवळजवळ फांद्याच नाहीत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मागे नेऊन दाखवायचे.

दुसऱ्या सप्टेंबरात फुलं आली. सगळी वर, शेंड्याकडे. खालून पाहिलं की पांढरे बगळे बसल्यासारखे दिसत. आकडी लावून ओढलं की फूल यायचं त्याऐवजी अख्खी डहाळी कडकन मोडून यायची. हेट्याचं लाकूड फार हलकं आणि ठिसूळ असतं. त्यावर कोणाला चढू द्यायचं नाही, लहान पोरालासुद्धा नाही. पहाटे गच्चीवर जाऊन जेवढं हाती येईल तेवढं आम्ही काढायचो, बाकी शिंजीर पक्ष्यांच्या वाट्याला. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. जांभळा शिंजीर फुलाच्या देठाशी चोच घालून मध पितो तेव्हा त्याच्या पाठीवर ऊन चमकतं, ते पाहायला मी चहाचा कप घेऊन उभी राहायचे. पण चार जणांच्या भाजीपुरती फुलं कधी मिळाली नाहीत.

त्याच सुमारास बुधवार बाजारातल्या एका आजीला मी माझं दुखणं सांगितलं. वाटा कागदात बांधता बांधता ती म्हणाली, "शेंडा खुडला होता का बाई त्याचा?"

"नाही."

"मंग थे आभायातच जाईन ना. छातीएवढं झालं का शेंडा खुडा लागते. नाई तं फुलं पाखरं खातीन, तुले काय भेटनार?"

तिच्याकडून मी वाटा घेतला तो वीस रुपयांचा, शिकले ते फार मोठं. पण माझ्या त्या झाडासाठी उशीर झाला होता. पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी अवकाळी वादळ आलं. आमच्याकडे उन्हाळ्यात अशी वादळं येतात. आधी धूळ, मग वारा, मग चार थेंब. झाड मधोमध मोडलं आणि शेजाऱ्यांच्या भिंतीवर आडवं झालं. कोणाला लागलं नाही एवढं नशीब.

इथे माझी दुसरी चूक झाली. मला मुनगा माहीत होता. मुनग्याला, म्हणजे शेवग्याला, कमरेइतका छाटला तरी महिन्याभरात तो दहा ठिकाणांहून फुटतो. हेटाही तसाच फुटेल असं धरून मी मोडकं खोड गुडघ्याएवढं ठेवून सपाट कापलं, वर शेण लावलं, पाणी देत राहिले. जूनमध्ये दोन अशक्त फुटवे आले, जुलैत तेही वाळले. हेट्याला पूर्ण छाटणी सोसत नाही. सगळा पाला एका वेळी ओरबाडला तरी ते झाड मरतं. बाजूच्या फांद्या थोड्या थोड्या काढायच्या, निम्म्याहून जास्त पाला कायम अंगावर ठेवायचा. ज्यांना मुनग्याची सवय आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, कारण माझ्यासारखी चूक करणारी आणखी दोन घरं मला आमच्याच लेआउटमध्ये भेटली.

तिसऱ्या वेळी मी सगळं विचार करून केलं. आधी जागा. प्लॉटवर बिल्डरने टाकलेला दीड-दोन फूट मुरूम होता आणि त्याखाली आपली काळी माती. सब्बल आणि टिकास घेऊन आम्ही दोघांनी दोन रविवार खपून दोन-दोन फुटांचे दोन खड्डे काढले, मुरूम फोडून थेट काळ्या मातीपर्यंत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. या भेगांनी कोवळी मुळं तुटतात. म्हणून खड्ड्यात माती, शेणखत आणि थोडा तोच मुरूम मिसळून भरला आणि उन्हाळ्यात आळ्यावर वीतभर पालापाचोळ्याचं आच्छादन कधी हलू दिलं नाही. हेटा पाणी साचलेलं बऱ्यापैकी सोसतो, त्यामुळे पावसाळ्याची फार काळजी केली नाही. खड्डे भिंतीपासून आठ फूट आत घेतले, पश्चिमेचा वारा घराच्या भिंतीने अडेल अशा बाजूला.

दोन्ही खड्ड्यांत तीन-तीन बिया. जुलैच्या शेवटी रोपं मांडीला लागली, ऑगस्टच्या मध्यात छातीला आली. त्या सकाळी दोन्हींचे शेंडे मी खुडले. खुडताना हात थांबत होता, खरंच सांगते. एवढा हिरवागार, रसरशीत शेंडा, आणि आधीची दोन झाडं गेलेली. पंधरा दिवसांत खोडावर चार-पाच ठिकाणी डोळे फुटले. त्या फांद्या हातभर झाल्यावर त्यांचेही शेंडे काढले. पुढच्या वर्षीही पावसाळ्यात दोनदा. झाडं आठ-नऊ फुटांवर थांबली, छत्रीसारखी पसरली, खोड मनगटाहून जाड झालं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येकाला बांबूची काठी आणि सुती चिंधीचा सैल फेर बांधला होता. नायलॉनची दोरी वापरू नका, मऊ सालीत ती रुतते.

कीड म्हणाल तर दोन प्रकारची. पावसाळ्यात छोटी पिवळी फुलपाखरं पानांवर अंडी घालतात आणि त्यांच्या हिरव्या अळ्या पानं कुरतडतात. रोप लहान असताना त्या मी हाताने वेचते. झाड मोठं झालं की सोडून देते, त्यांना ते पुरून उरतं. खरी काळजी खोडकिड्याची. खोडाच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशासारखा चुरा पडलेला दिसला की समजायचं, आत अळी आहे. एका झाडाला ती लागली. छिद्रात सायकलच्या आऱ्याची तार घालून फिरवली, अळी मेल्याची खात्री होईपर्यंत, आणि छिद्र ओल्या मातीने लिंपलं. कोणी रॉकेलचा बोळा सुचवला होता. ज्या झाडाचं फूल मी पोराबाळांच्या ताटात वाढणार त्यात रॉकेल घालायला माझं मन झालं नाही.

आणि मग तो सप्टेंबर आला. संस्कृतात या झाडाला अगस्ती म्हणतात, मुनिद्रुमही. पावसाळा सरत आला की अगस्तीचा तारा पहाटे दक्षिणेला खाली दिसू लागतो आणि त्याच सुमाराला हे झाड फुलतं, म्हणून हे नाव. मी पहाटे साडेचारला गच्चीवर जाऊन तारा पाहायचा प्रयत्न केला होता. त्या दिशेला ढग आणि रस्त्यावरचे दिवे. खाली आले तर अंगणातल्या झाडावर, माझ्या नाकासमोर, कळ्यांचे दोन-दोन, तीन-तीनचे घोस लोंबत होते.

कळी बोटाएवढी झाली की दुसऱ्या दिवशी उमलते. भज्यांसाठी कळी, भाजीसाठी नुकतं उमललेलं फूल. काढायचं पहाटे, ऊन लागायच्या आत. उमललेल्या फुलात मधासाठी मुंग्या शिरलेल्या असतात, म्हणून परातीत उलटी मांडून दहा मिनिटं ठेवली की मुंग्या आपोआप निघतात. मग निवडायचं. हिरवी टोपी काढायची आणि आतला लांब वाकडा दांडा, म्हणजे केसर, ओढून टाकायचा. कडूपणा बराचसा त्या दांड्यात असतो. बाजारातून फुलं नेऊन "कडू लागली" म्हणणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी हा दांडा ठेवलेला असतो. लाल फुलाचाही हेटा असतो, दिसायला फार देखणा, पण खायला पांढराच बरा.

माझी रोजची भाजी अशी. मुगाची डाळ तासभर भिजवायची. तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण, दोन कांदे उभे चिरून, हिरव्या मिरच्या, हळद. कांदा मऊ झाला की डाळ घालून अर्धी शिजवायची आणि मग हाताने तोडलेली फुलं. झाकण ठेवायचं नाही. फुलांना स्वतःचं पाणी सुटतं आणि झाकलं की लगदा होतो. मीठ शेवटी, कारण परातभर फुलांची वाटीभर भाजी होते आणि आधी अंदाजाने मीठ घातलं तर खारट होणारच. सोबत ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा. घाई असेल त्या दिवशी डाळीऐवजी वरून बेसन पेरते. ही दुसरी तऱ्हा माझ्या नवऱ्याला जास्त आवडते, मला पहिली. डाळीच्या भाजीत फुलाची ती मशरूमसारखी किंचित मांसल, किंचित कडवट चव कळते; बेसनात ती दबते.

भज्यांना कळ्या अख्ख्या ठेवायच्या, देठाला धरून पिठात बुडवायच्या. बेसनात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, मीठ. दोन घरं सोडून राहणाऱ्या बंगाली वहिनींनी कुंपणावरून झाड पाहिलं आणि त्या थबकल्याच. "अरे, हे तर बकफूल!" बक म्हणजे बगळा. मीही त्या फुलांना बगळेच म्हणत होते, त्यांचं नाव माहीत नसताना. वीस वर्षं नागपुरात राहून त्यांना हे फूल मिळालं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी आमच्याच कळ्यांचे वडे करून पाठवले, तांदळाच्या पिठात, वर खसखस लावलेले, कुरकुरीत. आता भज्यांना मी कधी कधी खसखस लावते. त्यांच्याचकडे येणाऱ्या एका तमिळ बाईंनी मात्र फुलांकडे पाहिलंही नाही, पाला मागितला. त्यांच्याकडे एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना या पाल्याची भाजी असते. पाल्यात कॅल्शियम फार, शंभर ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर. चव मात्र उग्र. मी तो वरणात मूठभरच घालते, कोवळा.

झाडाची सावली विरळ, जाळीदार पडते. तिच्याखाली मी धोपा, म्हणजे अळू, लावला आहे आणि एका कडेला हळद. धोप्याची पानं इथे आधी कधी इतकी रुंद झाली नव्हती. गळलेला पाला तिथेच कुजतो, त्याचा हा गुण असावा असं मला वाटतं.

सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत फुलं भरपूर. नागपूरची थंडी दहा अंशांच्या खाली गेली की झाड आखडतं, पानं पिवळी पडतात, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये. मार्चमध्ये पुन्हा थोडी फुलं येतात. प्रत्येक झाडावरच्या चार-सहा शेंगा मी ठेवते. हातभर लांब, बारीक शेंगा वाऱ्यावर हलत राहतात. कोवळ्या असताना त्यांचीही भाजी होते, पण बियाण्याच्या शेंगांना हात लावायचा नाही. तपकिरी होऊन खडखडू लागल्या की काढायच्या, बी सोलून सावलीत वाळवायचं आणि कडुनिंबाच्या वाळल्या पानांत काचेच्या बरणीत ठेवायचं.

कारण हे झाड आंब्या-चिंचेसारखं नातवंडांपर्यंत टिकणारं नाही. झटकन वाढतं, भरभरून देतं आणि लवकर थकतं. माझ्या दोन झाडांपैकी खोडकिडा लागलेल्याचा जोर आता कमी होत चाललेला दिसतो, फुलं अर्ध्यावर आली आहेत. तर गेल्या जूनमध्ये तिसऱ्या खड्ड्यात बी टाकलं. ऑगस्टमध्ये त्याचा शेंडा माझ्या मुलीने खुडला. मी बाजूला उभी राहून फक्त कुठून खुडायचा ते दाखवलं.

बुधवार बाजारातल्या आजी गेल्या हंगामात दोनदाच दिसल्या. त्यांच्या गावाकडचं धुऱ्यावरचं झाड रस्ता रुंद करताना गेलं, असं त्या म्हणाल्या. पुढच्या बुधवारी मी कागदाच्या पुडीत पन्नासेक बिया नेऊन दिल्या. त्यांनी पुडी उघडून एक बी दाताखाली धरून पाहिलं, चांगलं आहे असं मानेनेच सांगितलं आणि लुगड्याच्या सोग्याला गाठ मारली. मग माझ्या पिशवीत दोन वाटे टाकले. घरी झाड आहे म्हटलं तरी ऐकलं नाही. त्या दिवशी आमच्याकडे चार परात फुलं झाली, आणि संध्याकाळी बंगाली वहिनींकडे एक, कोपऱ्यावरच्या शिक्षिकेकडे एक अशी वाटून टाकली, प्रत्येकीला दांडा कसा काढायचा ते दाखवून.